नव्या मॅडम आणि सांगाड्याचा डावा हात

इंदुरात आनंद झाला की माणूस राजवाड्यावर जातो. भारत मॅच जिंकला, चला राजवाडा. आपला उमेदवार निवडून आला, चला राजवाडा. रंगपंचमीच्या गेरीला तर अख्खं गाव तिथे लोटतं आणि टँकरवरून उडणारे रंगाचे फवारे वरच्या मजल्यांच्या खिडक्या भिजवून येतात. दुःख झालं तरी जायची जागा तीच. फक्त तेव्हा चार पावलं पुढे सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खायचा. त्यामुळे आमच्या शाळेचे प्राचार्य निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी निमाडातून कुणी मॅडम येताहेत अशी बातमी फुटली, तेव्हा माजी विद्यार्थ्यांची तातडीची सभा राजवाड्यासमोर पोह्याच्या ठेल्यापाशीच भरली. सभा आनंदाची की दुःखाची, हे मात्र जिलेबी संपेपर्यंत ठरलं नाही.

शाळा सरकारी आहे. होळकरशाहीत सुरू झालेली आणि राजवाड्यापासून पायी जाता येईल इतकी जवळ. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर निदान तीन बॅचवाले फोन करून विचारतील की लेखात आमचा उल्लेख का नाही. शाळेला एक माजी विद्यार्थी संघ आहे. तो एरवी झोपलेला असतो. त्याला जाग येते ती दोनच प्रसंगी: कुणी गेलं तर, किंवा प्राचार्य बदलले तर. दोन्ही वेळी ग्रुपवर पडणारे संदेश साधारण सारखेच असतात. ‘एका युगाचा अंत’, हात जोडलेली चित्रं आणि खाली ‘सरांसारखे सर पुन्हा होणे नाही’. सर इकडे धडधाकट. मध्यप्रदेशात निवृत्तीचं वय 62 आहे, ते पूर्ण करून घरी पेपर वाचत बसलेले. स्वतःबद्दलचं हे सगळं वाचून त्यांनी म्हणे नाडी तपासून पाहिली.

सभेत पहिला ठराव झाला तो ‘शाळा वाचवली पाहिजे’ असा. कुणापासून, ते कुणी विचारलं नाही. असं विचारायचं नसतं. दुसरा ठराव, ‘नव्या मॅडमना आपला पूर्ण पाठिंबा आहे.’ तो लगेच मंजूर झाला आणि त्यानंतर तासभर, मॅडमना काय काय जमणार नाही यावर चर्चा झाली. एक म्हणाले, “भिया, बाईमाणूस, त्यात बाहेरगावची. या शाळेच्या पोरांना धाक हवा.” हे वाक्य त्यांनी नेमकं कुठे बसून उच्चारलं? राजवाड्यासमोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे, त्याच्याकडे पाठ करून. माणसानं निदान जागा तरी बघावी.

कारण कारभारी बदलण्याच्या बाबतीत या जागेला शिकवायला जाऊ नये. 1766 साली मल्हारराव गेले, नातू मालेराव गादीवर आले आणि वर्षभरात तेही गेले. दिवाण गंगाधर यशवंतांना वाटलं, आता बाईमाणूस काय करणार, एखादं पोर दत्तक घेऊन कारभार आपणच पाहू. त्यांनी राघोबादादांना निरोप धाडला, आणि दादा फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले. अहिल्याबाईंनी शिंदे, भोसले, गायकवाड यांना पत्रं लिहिली, तुकोजी होळकरांना फौजेसह पुढे उभं केलं. ते पाहून दादांनी सांगितलं म्हणे, की आम्ही लढायला कुठे आलो, आम्ही तर मालेरावांच्या दुखवट्याला आलो. मला या गोष्टीत दादांचं उत्तर फार आवडतं. पन्नास हजारांची फौज घेऊन दुखवट्याला येणारा माणूस आणि पंचवीस जणांचं शिष्टमंडळ घेऊन नव्या प्राचार्यांच्या ‘स्वागताला’ जाणारा माजी विद्यार्थी संघ, यांत फरक एवढाच की आमच्याकडे घोडे नव्हते. फौजेचा आकडा मात्र आमच्यातल्या एका इतिहासप्रेमींचा आहे. तो दर खेपेला वाढतो, तेव्हा वाचकांनी त्यावर विसंबू नये.

माजी विद्यार्थ्यांचं वजन असतं, नाही असं नाही. तिकडे रेसिडेन्सीच्या बाजूला डेली कॉलेज आहे. 1870 साली रेसिडेन्सी स्कूल म्हणून निघालं, 1882 पासून हेन्री डेलींचं नाव लागलं, मध्य भारतातल्या राजेरजवाड्यांच्या मुलांसाठी. तिथल्या माजी विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी संचालक मंडळावर निवडून जातात, आणि त्या निवडणुकीची चर्चा शहरात विधानसभेसारखी चालते. तिथला माजी विद्यार्थी प्राचार्यांकडे जातो तो मालकाच्या पायरीनं. सरकारी शाळेचा माजी विद्यार्थी जातो तो थेट खिडकीपाशी, मार्कशीटची दुसरी प्रत मागायला. आमच्या संघातल्या काहींना हेच सलतं. आपल्यालाही मंडळ हवं, निवडणूक हवी, ब्लेझर हवा. एकानं ब्लेझरचा रंगसुद्धा सुचवला. इंदुरात मे महिन्यात ब्लेझर घालून राजवाड्यावर उभं राहायचं तर त्याच्यावर पाण्याच्या टँकरचीही सोय करावी लागेल.

मोठं वजन नसलं की माणूस मोठं नाव शोधतो. शाळेचा एखादा नामवंत विद्यार्थी सापडला तर मॅडमवर छाप पडेल, असं ठरून संशोधन सुरू झालं. लता मंगेशकर इंदुरात जन्मल्या, 1929 साली, शीख मोहल्ल्यात. एक काका म्हणाले, म्हणजे आपल्या शाळेवरून नक्की गेल्या असतील. कडेवर गेल्या असतील, हे त्यांनाही मान्य होतं. राहुल द्रविडही इंदूरचाच, जन्मानं. त्याच्या बाबतीतही पुरावा एवढाच निघाला की शाळेच्या भिंतीवर चेंडूचे डाग आहेत. शेवटी किशोरकुमारवर गाडी आली. तो इंदूर क्रिश्चियन कॉलेजचा, म्हणजे आमचा नव्हेच, पण त्याची गोष्ट आमच्या कामाची निघाली. तिथल्या कँटीनवाल्याचे 5 रुपये 12 आणे त्याच्याकडे राहिले होते आणि पुढे 1958 च्या ‘चलती का नाम गाडी’तल्या गाण्यात तो आकडा आला, असं इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक काका यावर म्हणाले, “पाहा, संस्थेचं देणं लागतो हे जाहीरपणे कबूल करणारा तो एकच माजी विद्यार्थी. बाकी आपण सगळे शाळेचं ऋण मानतो, आकडा सांगत नाही.”

शिष्टमंडळ गेलं. मीही गेलो. प्राचार्यांच्या खोलीत खुर्च्या चार होत्या, त्यामुळे जे सर्वांत जुने ते बसले आणि बाकीचे कपाटांना टेकून उभे राहिले. भिंतीवर प्राचार्यांच्या नावांचा फलक. काळ्या पाटीवर पिवळ्या रंगात नावं आणि सालं, वरची नावं वळणदार, खालची आक्रसत गेलेली, कारण फलक भरत आला आणि पेंटर जागा वाचवू लागला. मधली काही वर्षं कोरी आहेत. तेव्हा शाळेला प्रभारी प्राचार्य होते. त्यांनी काम सगळं केलं, पण प्रभारींचं नाव फलकावर घालायची पद्धत नाही. आमच्यातल्या एकानं लगेच नवा फलक द्यायची तयारी दाखवली. खाली छोट्या अक्षरात ‘सौजन्य’ यावं एवढीच अट.

मॅडमच्या टेबलावर एक जाडजूड रजिस्टर उघडं होतं. त्या म्हणाल्या, “आप लोग पुराने हैं, मेरी एक मदद कर दीजिए.” आमच्या छात्या फुगल्या. मागच्या एकानं चेकबुकसाठी खिसासुद्धा चाचपला. चेकबुक त्यात नव्हतं, हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत होतं.

मॅडमना पैसे नको होते. त्यांचा चार्ज अडला होता.

ज्यांनी सरकारी शाळा फक्त वर्गाच्या बाजूनं पाहिली आहे त्यांना हे कळणार नाही, म्हणून सांगतो. प्राचार्य बदलतात म्हणजे खुर्चीवरचा माणूस बदलतो असं नव्हे. जुन्यानं नव्याला एकेक वस्तू मोजून द्यायची असते: किल्ल्या, कॅशबुक, चेकबुक, दाखल-खारीज रजिस्टर आणि मग डेड स्टॉक, म्हणजे वर्षानुवर्षं टिकून राहिलेलं सगळं सामान. जिल्हा शिक्षण कार्यालयाचा आदेश आल्यावर बँकेत सहीचे नमुने बदलायचे. ते होईपर्यंत शाळेच्या खात्यातून रुपया हलत नाही. विजेचं बिल येतं, अतिथी शिक्षकांच्या मानधनाची देयकं तयार होतात, नळ गळतो, आणि नव्या मॅडम सही करायला मोकळ्या नसतात. अशा वेळी शाळा चालते ती शिपायाच्या उधारीवर.

डेड स्टॉकची यादी मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. अलमारी लोखंडी, होळकर स्टेटची पट्टी असलेली, 1, किल्ली नाही. हार्मोनियम 1, आवाज नाही. टाइपरायटर 1, ‘र’ नाही. भिंतीवरचा नकाशा, मध्यभारत, 1, फाटलेला. हे मध्यभारत राज्य 1948 ला झालं, इंदूर त्याची उन्हाळी राजधानी आणि ग्वाल्हेर हिवाळी, आणि 1 नोव्हेंबर 1956 ला ते मध्यप्रदेशात विरलं. राज्य जाऊन इतकी वर्षं झाली. नकाशा मात्र दर प्राचार्यांनी पुढच्या प्राचार्यांच्या स्वाधीन केला, सही-शिक्क्यानिशी. राज्य विसर्जित करायला एक कायदा पुरतो. नकाशा राइट-ऑफ करायला समिती लागते.

आणि मग तो प्रसिद्ध सांगाडा. ‘मानवी कंकाल, 1.’ यादीत पूर्ण, प्रत्यक्षात डावा हात खांद्यापासून गायब. आता हा हात कुणी नेला, कधी नेला, याचा खुलासा झाल्याशिवाय मॅडम सही कशी करणार? उद्या ऑडिटवाला विचारणार, हात कुठे आहे.

खोलीत असा उत्साह पसरला, जो पाठिंब्याच्या ठरावालाही पसरला नव्हता. अकरावीला बोर्ड असण्याच्या काळातले दोन काका एकदम बोलू लागले. पहिल्यांचं म्हणणं, हात त्यांच्या बॅचनं तोडला. स्टंप कमी पडले होते. दुसऱ्यांचं म्हणणं, साफ खोटं, यांच्या बॅचला क्रिकेट येत कुठे होतं, हात आमच्या वेळी वार्षिक स्नेहसंमेलनात भुताच्या नाटकात वापरला आणि परत द्यायचा राहिला. दोघंही गुन्ह्याची मालकी सोडायला तयार नाहीत. ज्यांनी उभ्या आयुष्यात घरात कप फुटला तरी ‘मी नाही’ म्हटलं असेल, ते इथे प्राचार्यांसमोर हात वर करून सांगत होते की मीच तो.

मॅडमनी शांतपणे कोरा कागद पुढे केला. “यही लिख के दे दीजिए.”

कागद पाहून दोघंही बसले. पण लिहून दिलं. ‘आम्ही खाली सही करणारे शाळेचे माजी विद्यार्थी असे लिहून देतो की उक्त सांगाड्याचा डावा हात आमच्या विद्यार्थिदशेतच नाहीसा झाला असून सध्याच्या किंवा मागील प्राचार्यांचा त्यात काही संबंध नाही.’ दोन साक्षीदारांच्या सह्या. चार्ज सुटला. माजी विद्यार्थी संघाच्या कारकिर्दीत शाळेला झालेली ती पहिली खरी मदत, असं माझं मत आहे, आणि ते मी संघाच्या बैठकीत मांडलं तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत.

त्याच फायलींच्या गठ्ठ्यात मॅडमना आणखी एक कागद सापडला होता. तो त्यांनी काही न बोलता आमच्या पुढे सरकवला. आता जे सर निवृत्त झाले, ज्यांच्यासारखे सर पुन्हा होणे नाही, ते शाळेत रुजू झाले त्या वेळचं निवेदन. ‘सदर प्राचार्यांना शाळेच्या परंपरेची जाण नसून त्यांची बदली अन्यत्र करावी, ही नम्र विनंती.’ भोपाळला पाठवलेलं. खाली सह्या माजी विद्यार्थ्यांच्या. त्यातल्या तीन सह्या करणारे तेव्हा समोरच्या चार खुर्च्यांपैकी तीनवर बसलेले होते. चौथ्या खुर्चीवरचे काका त्या निवेदनाच्या वेळी गावाला गेले होते, असं त्यांनी लगेच सांगितलं.

हे आमचं नेहमीचंच आहे. नवा प्राचार्य नालायक, जुना देवमाणूस, आणि नव्याला देवमाणूस व्हायला निवृत्तीपर्यंत थांबावं लागतं. आम्हाला ज्यांनी वेताच्या छडीनं झोडपलं त्या सरांच्या आठवणीनं तर मोठमोठ्या अधिकाऱ्यांचे डोळे भरून येतात. ज्यांनी कधी हात उगारला नाही त्या बिचाऱ्या गणिताच्या सरांचं नाव सांगायला मात्र सगळ्यांना आठवावं लागतं.

त्यानंतर मॅडमनी विद्यांजलीचा विषय काढला. केंद्र सरकारची योजना आहे, 2021 च्या सप्टेंबरात नव्यानं सुरू झालेली. शाळेनं गरज नोंदवायची आणि माजी विद्यार्थ्यांनी, कुणीही, ती वस्तूनं नाहीतर स्वतःच्या वेळानं भागवायची. मॅडमची यादी तयार होती. नववीला शनिवारी गणित शिकवायला कुणीतरी. वाचनालयातली पुस्तकं लावायला कुणीतरी. मुलींच्या स्वच्छतागृहांच्या दारांना कड्या.

आमची यादीही तयार होती. प्रवेशद्वारावर कमान, तिच्यावर संघाचं नाव. स्मार्ट बोर्ड, हा न्यू जर्सीतल्या एकाचा आग्रह, आणि तो तिथूनच लावून देणार होता की काय कोण जाणे. माजी प्राचार्यांचा अर्धपुतळा. हे ऐकून सर स्वतः घाबरले. मॅडम म्हणाल्या, कमान जरूर द्या, पण इमारत सरकारी आहे, परवानगी लागेल, वेळ लागेल. मग त्यांनी सहज, अगदी सहज विचारलं, “आप में से किसी के पोते-पोती यहाँ पढ़ते हैं?”

पंख्याचा आवाज येत होता. आमची नातवंडं बायपासकडच्या शाळांत जातात, पिवळ्या एसी बसमधून. शाळेवरचं आमचं प्रेम आटलेलं नाही. ते फक्त पुढच्या पिढीच्या प्रवेशाच्या वेळी घरी राहतं. जिथे एका तुकडीत पोरं मावत नव्हती तिथे आता बाकं रिकामी आहेत. शाळेत येतात ती हम्मालांची, घरकाम करणाऱ्या बायांची, सराफ्यात रात्री प्लेट धुणाऱ्यांची मुलं. त्यांच्या आईवडिलांचा माजी विद्यार्थी संघ नाही. पण प्राचार्य बदलल्याचा फरक पडतो तो त्यांनाच.

पोह्याच्या ठेल्यावर परत आल्यावर चर्चा झाली की मॅडम जरा आगाऊ आहेत.

मात्र त्या यादीतलं काही काम झालं, ते ग्रुपवर आलं नाही म्हणून इथे नोंदवतो. सियागंजात हार्डवेअरचं दुकान असलेला आमच्यातला एक जण, जो सभेत एकदाही बोलला नव्हता, दुसऱ्या आठवड्यात खिशातून कड्या आणि स्क्रू घेऊन गेला, बरोबर दुकानातला पोऱ्या, आणि सगळ्या दारांना लावून आला. स्वच्छतागृहाच्या दारात उभं राहून फोटो काढायला कुणी तयार होईना, म्हणून ती देणगी जाहीर झालीच नाही. सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्या एक ताई, त्यांनी रोज दुपारी जाऊन कॅशबुकच्या मागे पडलेल्या नोंदी पुऱ्या केल्या. त्या येतात हे आम्हाला शिपायाकडून कळलं. आणि गणिताचा तास? तो घ्यायला पुण्यात स्थायिक झालेला एक जण तयार झाला, ऑनलाइन. शाळेतला प्रोजेक्टर चालू आहे की नाही ते पाहायला हवं. डेड स्टॉकमध्ये त्याच्यापुढे काय लिहिलंय, मी पाहिलेलं आहे.

कमानीचं अजून चाललेलं आहे. तिच्यावरच्या नावांचा क्रम ठरत नाही. वयानुसार की रकमेनुसार, यावर दोन गट पडलेत. मला विचाराल तर क्रम ठरू नये. जोवर तो ठरत नाही तोवर मॅडमना निवांतपणे शाळा चालवता येते.

तुमच्याही शाळेत नवे प्राचार्य आले असतील, आणि शाळा सरकारी असेल, तर जरूर जा. एकटे जा, खुर्च्या चारच असतात. शाल-श्रीफळ नेऊ नका, त्याची नोंद कुठल्याही रजिस्टरात होत नाही. जुन्या सरांची आठवण दुसऱ्या भेटीसाठी ठेवा. चार्ज कुठे अडलाय ते विचारा. आणि अकराच्या आत जा, नंतर प्राचार्य शाळांच्या संकुलाच्या मीटिंगला गेलेले असतात.